जुन्या बॅटरीतलं शिसं जातं कुठं? जाणून घ्या खाणीपासून भंगारापर्यंतचा प्रवास

ट्रॅक्टर, पिकअप, घरचा इन्व्हर्टर, शेतातलं झटका मशीन. या सगळ्यांच्या बॅटरीत मुख्य धातू असतो शिसं. बॅटरीच्या वजनात साधारण 60 टक्के शिसंच असतं. म्हणजे 50 किलोच्या इन्व्हर्टर बॅटरीत जवळपास 30 किलो. म्हणूनच बंद पडलेल्या बॅटरीलाही भंगारात चांगला भाव मिळतो.

शिसं येतं कुठून?
देशातलं खाणीतलं शिसं मुख्यतः राजस्थानातून येतं. भीलवाडा जिल्ह्यातल्या रामपुरा आगुचा खाणीत ते जस्तासोबत निघतं. चित्तोडगडजवळच्या चंदेरिया कारखान्यात ते वितळवून शुद्ध करतात. पण खाणीचं शिसं देशाला पुरत नाही. मोठा वाटा जुन्या बॅटऱ्यांतूनच येतो. बाहेरून भंगारही आणलं जातं. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिशाच्या भंगारावरचं आयात शुल्क माफ करण्यात आलं.

पुन्हा वापर कसा होतो?
शिसं कितीही वेळा वितळवलं तरी त्याचा दर्जा कमी होत नाही. नोंदणीकृत कारखान्यात यंत्रानं बॅटरी फोडतात. ॲसिड, प्लॅस्टिक आणि शिसं वेगळं काढतात. बंद भट्टीत शिसं वितळवून, शुद्ध करून त्याच्या लगडी पाडतात. त्या परत बॅटरी कंपनीकडे जातात.

धोका कुठं आहे?
शिसं 327 अंशांवरच वितळतं, त्यामुळे साध्या उघड्या भट्टीतही काम भागतं. तिथं कुऱ्हाडीनं बॅटरी फोडतात, ॲसिड नाल्यात सोडतात, धूर शिवारावर पसरतो. धूर-धूळ आवरण्याचा खर्च नसल्यानं असे लोक भंगाराला चार पैसे जास्त देऊ शकतात. ते चार पैसे गावाला महागात पडतात. शिसं मातीत वर्षानुवर्षं टिकतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, रक्त कमी होतं. शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2020 च्या युनिसेफ अहवालानुसार जगात सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात शिसं जास्त आहे. फुटक्या बॅटरीच्या प्लेटा चाटून गुरंही आंधळी होतात, दगावतात.

तुम्ही काय कराल?
– नवीन बॅटरी घेताना जुनी दुकानदारालाच द्या, बिलात तिची किंमत वजा करून घ्या.
– बॅटरी घरी फोडू नका, ॲसिड ओतू नका. गोठ्यापासून आणि मुलांपासून लांब, उभी ठेवा.
– कचऱ्यात टाकू नका. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह त्यासाठीच असतं. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती वेगळी ठेवून गोळा करणाऱ्याकडे देणं ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे.
– शिवारात बॅटरी वितळवणारी भट्टी दिसली तर ग्रामपंचायतीला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला लेखी कळवा.