दाभोळच्या धक्क्यावर रहवाल घोडा

सावर्डे स्टेशनाबाहेर या आणि हायवे विसरा. साडेपाचशे वर्षं मागे आलात. कार्तिक महिना, पायाखाली जांभ्याची तांबडी वाट, दोन्ही अंगांना खैर आणि किंजळीचं रान. कमरेचा टंक्यांचा कसा एकदा चाचपून घ्या, कारण आज तुम्हाला घोडा घ्यायचा आहे. सावर्ड्यात बैल मिळेल, रेडा मिळेल. घोडा समुद्रावरून येतो आणि उतरतो दाभोळला.

कामथ्याचा डोंगर ओलांडून चिपळूण गाठा. गोवळकोटला ओहोटी धरून निघणारा पडाव तयार आहे. वाशिष्ठीच्या चिखलाचा खारट, कुबट वास नाकात बसतो. काठावर पडलेलं ओंडक्यासारखं काहीतरी हलतं. "हात आत घ्या, मालक," तांडेल ओरडतो. मगर आहे ती. भूक लागली तर भाकरीबरोबर मिरची मागू नका, ती या देशात अजून आलेलीच नाही. मिरी चावा.

दाभोळ दिसण्याआधी नाकाला कळतं. ताजी लीद, सुकत घातलेली मासळी, गलबतांना फासलेलं माशाचं तेल. ऊन डोक्यावर आणि माणूस माणसाला खेटून. अरबी, फारसी, गुजराती आणि आपली मराठी एकाच वेळी कानावर आदळतात. मधेच एक घोडा खिंकाळतो आणि त्याच्यामागून सगळे. अरबस्तान, खुरासान, तुर्कस्तानचे घोडे इथे उतरतात, असं अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याने याच सुमारास लिहून ठेवलं. तो स्वतःही शंभर रुबलांना पडलेला एक घोडा घेऊन चौलला उतरला होता, आणि जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला तेव्हा परत मिळवताना त्याच्या नाकी नऊ आले. तेव्हा गर्दीत कोणी रुबाबदार सरदार दिसला तर तुमच्या पसंतीचा घोडा त्याच्या नजरेला पडू देऊ नका.

विक्रेता आधी पांढराशुभ्र घोडा पुढे करील. भुलू नका. तुम्हाला सावर्ड्याच्या चढउतारावर दिवसभर बसायचं आहे, तुम्हाला हवी रहवाल चाल. घोडा चालवायला सांगा आणि डोळे मिटा. दुडकीत दोनच ठोके ऐकू येतात, स्वार खोगिरावर उडतो. रहवालीत एका अंगाचा मागचा पाय, पाठोपाठ त्याच अंगाचा पुढचा, मग दुसरं अंग. चार ठोके वेगवेगळे आणि सारख्या अंतराने. आता डोळे उघडा. स्वाराच्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा वाडगा द्या. कुमैत, म्हणजे गडद तांबूस रंगाचा तो मधला घोडा पाहा, धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन आला तरी पाणी सांडलं नाही.

अजून हो म्हणू नका. तोंड उघडून दात बघा. पाचव्या वर्षापर्यंत दुधाचे दात जाऊन सगळे कायमचे येतात. चारही पायांवरून गुडघ्यापासून खुरापर्यंत तळवा फिरवा. एखादी जागा गरम लागली तर सोडून द्या. कित्येक आठवडे गलबतात उभं राहून पाय आखडलेले असतात, हे मात्र समजून घ्या. घोड्याचं ओलं नाक तुमच्या मनगटाला लागतं तेव्हा भाव करायचं जिवावर येतं, तरीही करा.

तोंडाने किंमत बोलायची नाही. दलाल उपरणं टाकतो, त्याखाली त्याची बोटं तुमची बोटं दाबतात. आजूबाजूला शंभर माणसं उभी, आणि आकडा फक्त दोघांना ठाऊक. दोनदा हात काढून घ्या. तिसऱ्यांदा पंजा धरलात की सौदा झाला, इसार द्या.

परतीला घाई नको. भरतीबरोबर पडावाने चिपळूण, पुढे सावर्ड्यापर्यंत लगाम धरून पायी. इथले लोक घोड्याला हरभरे घालतात, तेल-साखर घालून खिचडीही शिजवतात. निकितीनने तेही लिहून ठेवलं. तुम्ही पहिले काही दिवस नुसतं गवत, पाणी आणि सावली द्या. परक्या हवेत आलेल्या जनावराला पोटभर चंदी लगेच सोसत नाही.

घोडे उतरायचे बंद होऊन शतकं लोटली. धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट मात्र रोज जाते. सावर्ड्याहून एका दिवसात जाऊन येता येतं. जरूर जा.