सॅल्यूत-७ : पाहुणे आणि रहिवासी

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या शेजारी, खडकवासला जलाशयाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी वसलेली आहे. भारतीयांच्या अंतराळप्रवासाच्या इतिहासाशी या संस्थेचा निकटचा संबंध आहे. १९६६ साली येथे दाखल झालेले राकेश शर्मा १९८४ मध्ये सॅल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर जाऊन राहिले. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला हेही याच प्रबोधिनीचे माजी विद्यार्थी होत. शर्मा यांच्या प्रवासाची लोकस्मृती मात्र पंतप्रधान इंदिरा गांधी यांना त्यांनी दिलेल्या काव्यमय उत्तरापुरतीच बहुधा उरली आहे. त्या उत्तराचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही; परंतु त्याच्या तेजात स्थानकावरील प्रत्यक्ष श्रमांचा इतिहास झाकोळला गेला, हे मान्य करणे प्राप्त आहे.

३ एप्रिल १९८४ रोजी मालिशेव व स्त्रेकालोव यांच्यासमवेत शर्मा सोयुझ टी-११ यानातून निघाले आणि दुसऱ्या दिवशी यान स्थानकास जोडले गेले. तेथे किझिम, सोलोव्योव आणि हृदयरोगतज्ज्ञ आत्कोव हे तिघे फेब्रुवारीपासून राहत होते. शर्मा यांच्याकडे नेमून दिलेले काम होते : भारतीय भूप्रदेशाची बहुवर्णपटीय छायाचित्रे घेणे, भारहीन अवस्थेत हृदयाच्या कार्याच्या नोंदी करणे आणि योगासनांचा स्नायूंवर होणारा परिणाम तपासणे. सुमारे ९० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होत असल्याने सूर्योदयावरून दिवस मोजणे तेथे निरर्थक ठरे. दिनक्रम मॉस्कोच्या घड्याळाप्रमाणे चाले. ११ एप्रिलला पाहुणे परतले, तेही स्वतःच्या यानातून नव्हे, तर रहिवाशांच्या जुन्या सोयुझ टी-१० मधून. कक्षेत यानाचे आयुष्य मर्यादित असते. म्हणून नवे यान रहिवाशांसाठी मागे ठेवण्यात आले. अर्थात, पाहुण्यांची भेट ही स्थानकाच्या व्यवस्थेचाही एक भाग होती.

पाहुणे गेल्यावर बाराच दिवसांनी, २३ एप्रिल रोजी, किझिम व सोलोव्योव दुरुस्तीसाठी स्थानकाबाहेर पडले. प्रणोदनव्यवस्थेतील एक नळी आदल्या वर्षापासून गळत होती. तिला वळसा देणारी नवी जोडणी करण्यासाठी त्यांना पुनःपुन्हा बाहेर जावे लागले आणि ते काम ऑगस्टमध्ये पुरे झाले. आत राहणाऱ्यांना हाडे व स्नायू क्षीण होऊ नयेत यासाठी नित्य व्यायाम अनिवार्य होता. आत्कोव सहकाऱ्यांची व स्वतःचीही प्रकृती तपासत असत. २३७ दिवसांचा हा संसार २ ऑक्टोबरला आटोपला.

प्रयोग हे साध्य आणि देखभाल हे केवळ साधन, असा आक्षेप येथे संभवतो. पुढील वर्षाच्या घटना त्याचे निरसन करतात. फेब्रुवारी १९८५ मध्ये निर्मनुष्य सॅल्यूत-७ शी संपर्क तुटला. वीज गेली व आतील पाणी गोठले. जूनमध्ये जानिबेकोव व सावीनिख यांनी आपले यान हाताने चालवून त्या निश्चेष्ट स्थानकास जोडले आणि कडाक्याच्या थंडीत काम करून ते पुन्हा चालते केले. ज्या घरात कोणी राखणदार नाही, त्यात प्रयोगशाळा नांदू शकत नाही, हाच या प्रसंगाचा निष्कर्ष होय.

शर्मा यांच्यानंतर ४१ वर्षांनी शुक्ला गेले. मेथी व मूग यांच्या अंकुरणासारखे प्रयोग त्यांनी केले. त्यांचा मुक्काम सुमारे १८ दिवसांचा, म्हणजे शर्मा यांच्याहून दीर्घ होता. तरी दोघेही परक्या घरचे पाहुणेच होते. २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळस्थानक उभारण्याचा भारताचा संकल्प आहे. तो सिद्धीस गेल्यास पाहुण्याची भूमिका संपेल आणि गळकी नळी शोधणाऱ्या रहिवाशाची सुरू होईल. त्या दृष्टीने १९८४ च्या अभ्यासकाने शर्मा यांच्या आठ दिवसांबरोबरच किझिम, सोलोव्योव व आत्कोव यांचे २३७ दिवसही वाचणे आवश्यक आहे.