बर्लिनची भिंत आणि परकीय कलावंत: एक साधनचिकित्सा

कलाकृतीस ऐतिहासिक साधन म्हणून कितपत प्रमाण मानावे, हा प्रश्न प्राचीन व मध्ययुगीन इतिहासाच्या संदर्भात आपल्याकडे वारंवार चर्चिला जातो. अर्वाचीन घटनांच्या बाबतीत मात्र कागदपत्रे विपुल असल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होते. बर्लिनच्या भिंतीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. या भिंतीविषयी जगाच्या मनात जे चित्र आहे, ते पुष्कळ अंशी परकीय लेखक, गायक व चित्रकार यांनी घडविलेले आहे. ते चित्र कोठे उभे राहून काढले गेले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख लोक पूर्व जर्मनी सोडून गेले. हा ओघ थांबविण्यासाठी तेथील शासनाने १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनमधील सीमेवर काटेरी तारा पसरल्या व पुढे तेथे भिंत उभारली. पश्चिम बर्लिनला वेढणाऱ्या या सीमेची लांबी सुमारे १५५ किलोमीटर होती. त्यांपैकी सुमारे ४३ किलोमीटर शहराच्या दोन भागांमधून जात. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी वाटा खुल्या होईपर्यंत या भिंतीपाशी किमान १४० माणसे मृत्यू पावली.

या सीमेवर परकीय मनुष्याचे स्थान विशेष होते. ऑगस्ट १९६१ नंतर पश्चिम बर्लिनच्या रहिवाशांस पूर्व भागातील आप्तांकडे जाता येईना; पहिले परवाने १९६३ च्या नाताळात मिळाले. परकीय प्रवासी मात्र फ्रीडरिखस्ट्रासेवरील चौकीतून जाऊन त्याच दिवशी परत येऊ शकत असे. एकच भिंत नागरिकास ताटातूट होती आणि पाहुण्यास अनुभव. पुढील सर्व कलाकृतींचे मर्म या भेदात आहे.

भिंत उभी राहत असताना जॉन ल कारे हे बॉन येथील ब्रिटिश वकिलातीत नेमणुकीवर होते व त्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हेरकथेचा आरंभ व शेवट या सीमेवरच होतो. दोन्ही बाजूंची हेरखाती माणसास सारख्याच निर्दयतेने वापरतात, हे तिचे सूत्र. येथे बर्लिन ही नैतिक प्रश्नाची रंगभूमी आहे. बर्लिनकर तीत दुय्यम आहेत.

त्याच वर्षी पोलिश लेखक व्हिटोल्ड गोम्ब्रोविच हे अर्जेंटिनातील चोवीस वर्षांच्या वास्तव्यानंतर पश्चिम बर्लिनला आले. त्यांस फोर्ड प्रतिष्ठानाचे निमंत्रण होते. भिंतीमुळे शहर सांस्कृतिक दृष्ट्या एकाकी पडेल या भीतीपोटी ही योजना आखली गेली होती. ऑस्ट्रियन कवयित्री इंगेबोर्ग बाखमान व कवी ऑडेन हेही तिच्याद्वारेच आले. म्हणजे या परकीयांचे तेथील वास्तव्य हेच मुळी भिंतीचे फलित होते. गोम्ब्रोविच यांच्या दैनंदिनीत मात्र भिंतीहून अधिक जागा जर्मनीच्या भूतकाळास मिळाली आहे. टियरगार्टन उद्यानातील गंधाने त्यांस बालपणीचे पोलंड आठवले.

१९७० मध्ये अमेरिकन कलावंत ॲलन कॅप्रो यांनी भिंतीजवळच्या मोकळ्या जागेत सिमेंटच्या ठोकळ्यांची एक लहान भिंत रचली व चुन्याऐवजी पाव आणि मुरंबा वापरला. नंतर ती सहज पाडली गेली. खरी भिंत जागची हलली नाही. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवी १९७६ ते १९७८ या काळात तेथे राहिले. १९७७ च्या त्यांच्या प्रसिद्ध गीतात भिंतीपाशी भेटणारे प्रेमिक आहेत. श्रोत्यांनी त्यांस भिंतीने दुरावलेले जोडपे मानले. परंतु ध्वनिमुद्रणगृहाच्या खिडकीतून बोवींना दिसले होते ते त्यांचेच निर्माते टोनी व्हिस्कोंटी व एक गायिका. गीताचे मोल याने कमी होत नाही. पुरावा म्हणून त्याचा अर्थ मात्र बदलतो.

चित्रकारांचा प्रवेश एका तांत्रिक बदलामुळे सुकर झाला. १९७५ पासून ३·६ मीटर उंचीचे गुळगुळीत काँक्रीटचे भाग बसविण्यात आले. ते पलायन रोखण्यासाठी होते, परंतु पश्चिमेकडील बाजूस चित्रकारांना अनायासे फलक लाभला. १९८४ मध्ये तिएरी न्वार व क्रिस्तोफ बूशे या फ्रेंच तरुणांनी तो रंगविण्यास आरंभ केला. भिंत सीमारेषेच्या थोडी आत, पूर्व जर्मनीच्या भूमीवर असल्याने पहारेकऱ्यांनी पकडण्याचा धोका होताच. २३ ऑक्टोबर १९८६ रोजी अमेरिकेचे कीथ हेरिंग यांनी एका दिवसात सुमारे १०० मीटर भाग मानवाकृतींच्या साखळीने रंगविला.

यानंतर दोन आठवड्यांच्या आतच घडलेली घटना सर्वांत बोलकी आहे. पूर्व जर्मनीतून पश्चिमेस आलेल्या पाच तरुणांनी ३ नोव्हेंबर रोजी या रंगीत चित्रांवरून एक सलग पांढरी रेघ ओढावयास घेतली. भिंत प्रेक्षणीय वस्तू झाली असून तिचे मूळ स्वरूप विसरले जात आहे, असा त्यांचा आक्षेप होता. दुसऱ्या दिवशी पूर्वेकडील सैनिकांनी त्यांपैकी एकास पकडले. त्यास तुरुंगवास भोगावा लागला. ज्यांनी ही भिंत आतून पाहिली होती, त्यांना ते रंग असह्य झाले, याची नोंद इतिहासकाराने घेतलीच पाहिजे.

पूर्वेकडील बाजूवर चित्र नव्हते, कारण तेथवर पोहोचण्यासच बंदी होती. १९९० मध्ये २१ देशांच्या ११८ कलावंतांनी श्प्रे नदीकाठची सुमारे १·३ किलोमीटर भिंत पूर्वेच्या बाजूने रंगविली, तेव्हा पहारा उठलेला होता. तात्पर्य, या कलाकृती भिंतीच्या पश्चिमेकडील दर्शनाचे उत्तम साधन आहेत. पूर्वेकडील अनुभवाचे प्रमाण म्हणून त्यांचा उपयोग करू नये. त्या कोऱ्या बाजूस कोणी चित्रकार लाभला नाही. तिचा इतिहास आपणांस पत्रांतून, परवान्यांच्या अर्जांतून व मृतांच्या नोंदींतून वाचावा लागेल.