बंदुकीची प्रगति कां मंदावली?

यंत्रविद्येची गति उत्तरोत्तर वाढतच जाते, अशी आज सुशिक्षित समाजाची समजूत होऊन बसली आहे. आणि विमान, नभोवाणी, संगणक यांच्या इतिहासानें ती अधिकच दृढ होते. परंतु ज्या साधनासाठीं राष्ट्रांनीं अपार द्रव्य व बुद्धि खर्च केली, त्या शिपायाच्या हातांतील बंदुकीचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे या समजुतीस धक्का बसतो. एकोणिसाव्या शतकांत ही बंदूक सुमारें ऐंशी वर्षें धांवत सुटली, आणि त्यानंतरचीं सव्वाशें वर्षें ती संथपणें चालत आहे. याचें कारण शोधूं गेल्यास, शोध कशानें घडतो आणि कशानें अडतो, याविषयीं कांहीं बोध होण्यासारखा आहे.

प्रथम धांवेचा काळ पाहूं. ‘ब्राउन बेस’ नांवाची चकमकीची बंदूक इंग्रज फौजेंत १७२२ च्या सुमारास आली, ती १८३८ पर्यंत टिकली. १८०३ सालीं असईच्या रणांगणावर कंपनीच्या पलटणींच्या हातीं याच जातीची बंदूक होती. पाऊस आला कीं रंजक भिजे आणि बंदूक मुकी होई. १८०७ सालीं अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटलंडमधील धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग करण्याचें पेटंट घेतलें, आणि चकमकीच्या युगाच्या अस्तास आरंभ झाला. १८४९ सालीं फ्रान्समध्यें मिन्ये यानें तळाशीं पोकळ अशी लांबट गोळी योजिली. दारूच्या दाबानें तिची कड फुगून नळीच्या आंतील आट्यांत घट्ट बसे व नेम पूर्वीपेक्षां पुष्कळच लांब लागे. याच तत्त्वावरील एन्फील्ड रायफलीचें चरबी लावलेलें कागदी काडतूस १८५७ सालीं आपल्या देशांत केवढा वणवा पेटण्यास निमित्त झालें, हें वाचकांस सांगावयास नको. पुढें कागदाच्या जागीं पितळ आलें. १८८४ सालीं पॉल व्हिये या फ्रेंच रसायनज्ञानें धूरविरहित दारू सिद्ध केली, व १८८६ सालीं ती वापरणारी लेबेल रायफल फ्रेंच सैन्यास मिळाली. त्याच सुमारास हायरम मॅक्सिम यानें गोळी सुटतांना बसणाऱ्या धक्क्यालाच कामास लावून आपोआप भरली जाणारी मशीनगन निर्माण केली. रसायनशास्त्र, धातुविद्या आणि अचूक घडण करणारीं यंत्रें हीं तिन्ही एकाच काळांत परिपक्व झालीं. त्यांच्या संगमांतून हा वेग उत्पन्न झाला होता.

आतां पुढचा काळ पाहूं. रशियानें १८९१ सालच्या रायफलीसाठीं ठरविलेलें काडतूस आजहि रशियन मशीनगनींत घातलें जातें. १९०२ सालीं जर्मनींत गेओर्ग लुगर यानें योजिलेलें नऊ मिलिमीटरचें काडतूस आजच्या पिस्तुलांत सर्वांत अधिक प्रचारांत आहे. राईट बंधूंचें विमान त्यानंतरच्या वर्षीं प्रथम उडालें, आणि १९६९ सालीं मनुष्य चंद्रावर उतरला. पण काडतूस होतें तेंच राहिलें! जॉन ब्राउनिंग याचें १९११ सालचें पिस्तूल अमेरिकेच्या सैन्यांत १९८५ पर्यंत अधिकृत होतें, आणि त्याच्याच योजनेवरून १९३३ सालीं स्वीकारलेली जड मशीनगन अद्यापि निवृत्त झालेली नाहीं.

प्रयत्न झाले नाहींत, असें मात्र नव्हे. पितळी टोपणच नाहींसें करावें, म्हणजे शिपायाचें ओझें हलकें होईल, असा विचार जर्मनींतील हेकलर आणि कोख या कारखान्यानें केला, व दारूच्या घट्ट वडींतच गोळी बसविलेली ‘जी ११’ नांवाची रायफल सुमारें वीस वर्षें खपून तयार केली. पण पितळ हें केवळ वेष्टन नव्हे. गोळी सुटतांना तें फुगून वायूची वाट बंद करतें, आणि बाहेर फेकलें जातांना बरोबर उष्णताहि घेऊन जातें. तें गेल्यावर तापलेल्या नळींत उघडी दारू आपोआप पेटूं लागली. अधिक उष्णता सोसणारी दारू शोधून हा दोष बराच आटोक्यांत आणला, तोंच १९९० सालीं जर्मनीचें एकीकरण झालें, द्रव्याची ओढ लागली आणि ही रायफल बाजूस पडली.

दुसरा अडथळा व्यवहाराचा आहे. एका काडतुसामागें कारखाने, कोठारें आणि शिक्षण यांचा केवढा पसारा असतो! आपल्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा आहे. इंग्लंडनें १९५१ सालीं आखूड काडतुसाची ‘ई एम २’ ही नवी रायफल स्वीकारली. परंतु मित्रराष्ट्रांचें काडतूस एकच असावें व तें अधिक जोरकस असावें, असा अमेरिकेचा आग्रह पडला, आणि त्याच वर्षीं पुन्हा अधिकारावर आलेल्या चर्चिल यांनीं तो निर्णय फिरविला. पुढें दहा-पंधरा वर्षांतच अमेरिका स्वतः त्याहून लहान काडतुसाकडे वळली, हा इतिहासाचा विनोद होय.

तिसरी मर्यादा मात्र कोणाच्याहि आग्रहानें हलणारी नाहीं. ती मनुष्याच्या खांद्याची. धक्का किती सोसावा आणि ओझें किती वाहावें, हें शरीर ठरवितें. अमेरिकेनें २०२२ सालीं निवडलेल्या नव्या रायफलीच्या काडतुसांतील दाब दर चौरस इंचास सुमारें ८०,००० पौंड आहे. पण त्या जोराची किंमत म्हणून बंदूक जड झाली, आणि तीस गोळ्यांच्या जागीं वीसच मावूं लागल्या. विसाव्या शतकांतील खरी मोठी सुधारणा, म्हणजे जर्मनींत १९४४ च्या सुमारास व रशियांत १९४७ सालीं सिद्ध झालेली मध्यम काडतुसाची स्वयंचलित रायफल. बहुतेक चकमकी तीनशें मीटरांच्या आंतच होतात, हें ओळखून तींत जोर मुद्दाम कमी केला होता. ही सुधारणा नव्या शक्तीची नव्हती. जुन्या शक्तीच्या बेताची होती. आज जें नवें दिसतें, त्या दुर्बिणी व अंधारांत पाहण्याचीं उपकरणें, तें बंदुकीवर चढविलेलें आहे; बंदुकीच्या पोटांतील नव्हे.

मग एवढ्या संथ वस्तूविषयीं चिंता कशाला? याचें उत्तर मुंबईनें २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं पाहिलें. छत्रपति शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातीं ‘थ्री नॉट थ्री’ होती, जिचा वंश १८८८ सालच्या ली-मेटफर्ड रायफलीशीं जाऊन भिडतो. हल्लेखोरांच्या हातीं १९४७ सालच्या कलाश्निकोव्हच्या वंशांतील रायफली होत्या. शस्त्रें दोन्हीकडचीं जुनींच. पण एका जुन्यांत आणि दुसऱ्या जुन्यांत साठ वर्षांचें अंतर होतें, आणि त्या अंतराची किंमत माणसांनीं प्राणांनीं चुकविली. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं तर तिला २०२० सालीं निरोप दिला.

शोधाची गति मंद झाली म्हणून संहाराची गति मंद होत नाहीं. दहा वर्षांपूर्वींचें दूरध्वनियंत्र आज निरुपयोगी ठरतें. परंतु सत्तर वर्षांपूर्वींची बंदूक, तेल-पाणी राखलें तर, आजहि जीव घेते. तिला मोडींत काढणारा नवा शोध येत नाहीं, म्हणून ती एका युद्धांतून दुसऱ्या युद्धांत, एका देशांतून दुसऱ्या देशांत निर्वेध फिरत राहते. भावी शस्त्रांच्या भीतीनें जग जागें असतें, तें योग्यच आहे. पण आजोबांच्या वेळची जी बंदूक अजून भरलेली आहे, ती कोणाच्या हातीं आहे आणि रक्षकाच्या हातीं काय दिलें आहे, याची चौकशी त्याहून निकडीची आहे. काळ हें काम आपणहून करणार नाहीं. तें राज्यकर्त्यांनीं आणि त्यांना जाब विचारणाऱ्या नागरिकांनींच केलें पाहिजे.