वॉल्ट्सचे पाठभेद : ‘निळी डॅन्यूब’ आणि सुषिर वाद्यांचा लहान मेळ

मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेली एखादी प्रसिद्ध कृती पाच-आठ सुषिर वाद्यांसाठी नव्याने मांडली गेली, की तिला संक्षेप म्हणण्याची प्रथा आहे. वाद्यवृंदाची कृती तेवढी पूर्ण, आणि लहान मेळासाठी केलेली मांडणी म्हणजे तिची काटछाट, असे त्यात गृहीत धरलेले असते. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत भाषेचे अध्ययन करणाऱ्यांना हे गृहीत अपरिचित नाही. झाडीबोलीला ‘अशुद्ध मराठी’ ठरविणाऱ्यांच्या मुळाशीही तेच असते. योहान स्ट्राउस (धाकटा) याच्या ‘निळ्या डॅन्यूब’च्या इतिहासावरून हे गृहीत तपासून पाहण्याचा येथे विचार आहे.

या कृतीचा मूळ पाठ कोणता, हा पहिला प्रश्न. आज सर्वत्र ऐकू येणारा वाद्यवृंदाचा पाठ हा आद्य पाठ नव्हे. १५ फेब्रुवारी १८६७ रोजी व्हिएन्नातील डायनाबाड सभागृहात ही रचना प्रथम सादर झाली, ती पुरुषांच्या गायनमंडळाने गाइलेले समूहगीत म्हणून. शब्द योजेफ वाइल याचे होते. केवळ वाद्यवृंदासाठी असलेला पाठ त्यानंतर, १० मार्च रोजी लोकांसमोर आला आणि त्याच वर्षीच्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात गाजला. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो, तो स्वतःच एक पाठभेद आहे.

दुसरी गोष्ट अशी, की सुषिर वाद्यांचा लहान मेळ व्हिएन्नात उपरा नव्हता. सम्राट दुसऱ्या योजेफने १७८२ मध्ये दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न व दोन बसून अशा आठ वाद्यांचा दरबारी मेळ उभारला होता. गाजलेल्या संगीतिका अशा मेळांसाठी तत्काळ मांडल्या जात. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात मोत्सार्ट आपली घाई सांगतो : आपण लौकर मांडणी केली नाही, तर दुसरा कोणी करील आणि नफाही त्याच्याच पदरी पडेल. परिणाम न गमावता ती सुषिर वाद्यांना साजेशी करणे किती कठीण आहे, हेही तो नमूद करतो. नोकरांसारखे वेतनावर ठेवलेले हे वादक भोजनप्रसंगी व उद्यानांत वाजवीत. ज्याला नाट्यगृह परवडत नसे, त्याच्या कानांवर संगीतिकेचे स्वर पडत ते बहुधा याच मार्गाने.

मोत्सार्टची अडचण ‘निळ्या डॅन्यूब’लाही लागू पडते. आरंभी व्हायोलिनांचे मंद कंपन आणि त्यावर हॉर्नची हाक अशी योजना आहे. हॉर्न लहान मेळातही आहे. कंपन मात्र गज नसल्याने नाहीसे होते. ते क्लॅरिनेटच्या मंद्र सप्तकात दोन स्वरांच्या जलद आलटापालटीने उभे करावे लागते. पहिल्या वॉल्ट्सची सुरावट चेलो व हॉर्न यांच्याकडे आहे. चेलोचा वाटा बसून घेऊ शकतो. परंतु तो त्यातच गुंतला, तर तीन मात्रांतील पहिल्या मात्रेचा आधार कोणी द्यावयाचा? शिवाय गजाला श्वास घ्यावा लागत नाही, वादकाला लागतो. म्हणून दीर्घ वाक्य दोघांत वाटून द्यावे लागते, आणि ते जेथे तुटते तेथे अर्थही तुटणार नाही, अशी जागा शोधावी लागते. रचनेचा आधारस्वर ‘डी’. तो तसाच ठेवल्यास नेहमीच्या क्लॅरिनेटला चार तीव्र स्वरांचे लेखन वाचावे लागते. आधारस्वर अर्ध्या स्वराने चढविला, की तेच काम एका कोमल स्वरावर भागते. मांडणीकार येथे कात्री चालवीत नसून प्रत्येक ठिकाणी निवड करीत असतो.

उलट दिशेचा प्रवासही घडला आहे. रुमानियातील लष्करी बँडचा नायक इओसिफ इवानोविची याची ‘डॅन्यूबच्या लाटा’ ही वॉल्ट्स १८८० मध्ये बुखारेस्ट येथे प्रकाशित झाली. एमिल व्हाल्डटॉयफेल याने पुढे ती वाद्यवृंदासाठी मांडली, आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनामुळे तिची कीर्ती पसरली. हीच सुरावट मुंबईत तयार झालेल्या ‘बरसात’ (१९४९) या चित्रपटात नायकाच्या व्हायोलिनवर ऐकू येते. येथे विस्तार नंतरचा आहे. तेव्हा लहान मेळ म्हणजे मोठ्याचा अवशेष, हा नियम टिकत नाही.

झाडीबोलीत ‘पाणी’ हे ‘पानी’ होते व ‘डोळा’ हा ‘डोरा’. प्रमाण मराठीतील ‘ण’ व ‘ळ’ तेथे नाहीत. पण त्यामुळे पाणी कमी होत नाही, की दृष्टी मंद होत नाही. उपलब्ध ध्वनींमध्ये सारे अर्थ वाटून देणारी ती एक संपूर्ण व्यवस्था आहे. तुलनेला मर्यादा आहे, हे उघडच. बोली प्रमाण भाषेपासून उतरलेली नसते, आणि ती कोणा एकाच्या हातून घडत नाही. मांडणी मात्र एक मनुष्य हेतुपूर्वक करतो. तथापि दोहोंचे मोल ठरविण्याची कसोटी एकच : अंगच्या साधनांत व्यवस्था पुरी आहे काय?

याच प्रदेशातील झाडीपट्टी रंगभूमी ही कसोटी दर हंगामाला देत आली आहे. भाताचे पीक हाती आल्यावर गावोगाव रात्रभर चालणाऱ्या या नाटकांना संगीताची साथ मोजक्याच वादकांची असते; प्रेक्षक पहाटेपर्यंत बसून राहतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा नगरांतील अनेकांना तिचे नाव प्रथम कळले. नाव उशिरा कळणे हा ऐकणाऱ्याच्या माहितीचा उणेपणा होय. त्यावरून रंगभूमीचा उणेपणा सिद्ध होत नाही. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्याने वाद्यांची संख्या जरूर मोजावी. परंतु त्या संख्येवरून निर्णय देऊ नये.