सिझर, कैसर आणि केसर

डोंबिवलीतल्या एखाद्या प्रसूतिगृहातून आनंदाची बातमी आली की नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. मुलगा की मुलगी? आणि नॉर्मल की सिझर? ‘सिझर झालं, पण बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत,’ या उत्तरात एका प्राचीन रोमन घराण्याचं नाव उच्चारलं जातं. तेही जवळजवळ निखळ. इंग्रजीत या शस्त्रक्रियेचं नाव विशेषणाच्या रूपात येतं, ‘सिझेरियन’, नाहीतर त्याचं नुसतं आद्याक्षर उरतं, ‘सी-सेक्शन’. मराठीने मात्र शेपूट छाटून मूळ नाव मोकळं केलं आणि त्याला ‘ऑपरेशन’चं नपुंसकलिंग दिलं: तिचं सिझर झालं.

हे नाव कुठून आलं, या प्रश्नाचं रूढ उत्तर असं, की ज्यूलियस सीझर आईचं पोट चिरून जन्मला. ते टिकत नाही. त्याची आई ऑरेलिया हिने मुलाला सेनापती झालेलं पाहिलं. ती वारली इ. स. पूर्व 54 मध्ये. आणि तो जन्मण्याच्या शंभर वर्षं आधी, इ. स. पूर्व 208 मध्ये, सेक्स्टस ज्यूलियस सीझर नावाचा अधिकारी रोममध्ये होताच. रोमन लेखक थोरल्या प्लिनीनेही नाव जोडलं ते घराण्यातल्या पहिल्या सीझरशी: ‘कापणे’ या अर्थाचा लॅटिन धातू ‘काएदेरे’, त्यावरून आईच्या कापलेल्या उदरातून आलेला तो सीझर. शस्त्रक्रियेला ‘सिझेरियन’ म्हणणं तर सोळाव्या शतकातलं. फ्रान्सच्या फ्रांस्वा रूसेने 1581 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ते रुळलं.

प्लिनीला प्रतिस्पर्धीही होते. रोमन सम्राटांच्या चरित्रांच्या एका जुन्या संग्रहात या नावाच्या चार व्युत्पत्ती शेजारी शेजारी दिल्या आहेत. पोट कापलं म्हणून सीझर. मूळ पुरुषाने युद्धात हत्ती मारला आणि मूर लोकांच्या भाषेत हत्तीला ‘काएसाई’ म्हणत, म्हणून सीझर. डोळे घारे-करडे, लॅटिनमध्ये ‘काएसिउस’, म्हणून सीझर. आणि जन्मतःच डोक्यावर दाट केस, लॅटिनमध्ये ‘काएसारिएस’, म्हणून सीझर. हत्तीच्या बाजूने एक नाणं साक्ष देतं: ज्यूलियसने इ. स. पूर्व 49 च्या सुमारास पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर सापाला तुडवणारा हत्ती आहे आणि त्याखाली त्याचं नाव. पण ते फार तर एवढंच सांगतं, की त्याला ही कथा आवडत होती.

मराठी वाचकाने थांबावं ते केसांपाशी. ‘काएसारिएस’ म्हणजे केशसंभार. संस्कृतात ‘केसर’ म्हणजे आयाळ, आणि आयाळ असलेला तो केसरी. हे साम्य एकोणिसाव्या शतकातल्या भाषाशास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटलं नाही. फ्रान्झ बॉपने आपल्या संस्कृत शब्दकोशात ‘काएसारिएस’ संस्कृतातल्या केसवाचक शब्दाशी जोडला आहे. संस्कृतातला ‘ए’ बहुधा जुन्या ‘अइ’पासून येतो, म्हणजे ‘केसर’च्या मागे ‘कइसर’ उभा राहतो.

पुढच्या पिढ्यांनी यावर भक्कम आक्षेप घेतला. संस्कृतात इ-ए या स्वरांनंतरचा ‘स’ मूर्धन्य होतो. म्हणून ‘मालासु’ पण ‘देवेषु’. मग ‘केषर’ का नाही? उत्तर लॅटिनमध्येच सापडतं. तिथेही दोन स्वरांमधला ‘स’ टिकत नाही, त्याचा ‘र’ होतो. पण पाठोपाठ आधीच एक ‘र’ असेल तर ‘स’ वाचतो. ‘काएसारिएस’ असाच वाचला. आणि संस्कृतात? ‘तीन’चं स्त्रीलिंगी रूप ‘तिस्रः’ आहे, ‘तिष्रः’ नाही. इथेही ‘र’ने ‘स’ला वाचवलं. ‘केसर’मध्ये दोन वर्णांमध्ये एक स्वर आहे हे खरं; पण ‘सरकणे’ ज्यातून आलं त्या ‘सृ’ धातूच्या वैदिक ‘सिसर्ति’ रूपातही तो आहेच, आणि तिथेही ‘स’ शाबूत आहे. दोन्ही भाषांत एकाच वर्णाने एकाच वर्णाला राखावं, हा योगायोग मानण्यापेक्षा नातं मानणं सोपं आहे. ‘काएसारिएस’ आणि ‘केसर’ ही भावंडं ठरली आणि चार व्युत्पत्तींत केसांची खरी निघाली, तर सीझर आणि केसरी यांचं कूळ एकच.

हे नाव भारतात प्रसूतिगृहाच्या फार आधी आलं. अटकजवळच्या आरा इथे सापडलेल्या खरोष्ठी शिलालेखात कनिष्क नावाच्या एका कुषाण राजाला महाराज, राजातिराज, देवपुत्र अशा बिरुदांपाठोपाठ चौथं बिरुद आहे, ‘कइसर’. हाइनरिश ल्यूडर्सने लावलेल्या या वाचनावर वाद झाला, कारण दगडावरची अक्षरं झिजलेली आहेत. पण इतर तीन बिरुदं भारत, इराण आणि चीनकडची दिसतात. चौथं रोमचं असणं त्या चौकटीत चपखल बसतं.

ते खुष्कीने आलं की समुद्रातून? खुष्कीचा पक्ष रोम आणि भारत यांच्यामधल्या पार्थियाच्या साम्राज्याकडे बोट दाखवतो. दुसरा पक्ष नाण्यांचा: ऑगस्टस आणि टायबेरियस यांची, ‘सीझर’ अक्षरं कोरलेली रोमन नाणी भारतात ढिगांनी सापडली. ती जहाजांनी आली, आणि पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-मार्गदर्शकात आपल्या किनाऱ्यावरचं एक बंदर आहे ‘कल्लिएना’, म्हणजेच कल्याण. तिथला व्यापार तेव्हा अडला होता. चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला धाडत. पण त्याआधी ते रीतसर पेठ होतं, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. तेव्हा राजबिरुद होण्याआधी हे नाव कोकणच्या सराफांनी नाण्यावर चाचपलं असणार, असा अंदाज धिटाईने करता येतो.

पुढे अरबी-फारसीत ‘कैसर’ झाला, आणि 1876 च्या कायद्यानंतर व्हिक्टोरिया राणी ‘कैसर-ए-हिंद’ ठरली. हे बिरुद सुचवलं लाहोरच्या गॉटलीब लाइटनरने, हिंदू-मुसलमान दोघांच्याही कानाला ते परकं नाही म्हणून. याच 1876 मध्ये इटलीत एदुआर्दो पोर्रोने सिझेरियननंतर गर्भाशयच काढून एका बाईचा जीव वाचवला. 1882 मध्ये माक्स झेंगरने गर्भाशयाला टाके घालायची पद्धत रूढ केली. आई जगण्याची आशा त्यानंतरची. त्याआधीचे नियम मेलेल्या आईसाठीच होते: रोमच्या जुन्या राजकायद्यात तिला पोटातल्या बाळासह पुरायला मनाई होती, आणि सुश्रुतसंहिता सांगते, आई गेली आणि कूस हलताना दिसली तर वैद्याने तात्काळ चिरून बाळ काढावं.

कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांनी 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर होताना प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर. त्यांचं स्वतःचं बाळ दहा दिवसांत दगावलं होतं. पदवीनंतर अभिनंदनाचा निरोप पाठवला तो याच कैसर-ए-हिंद राणीने.

मग कैसरचा ‘सिझर’ कसा झाला? ‘कैसर’ हा लॅटिनच्या जुन्या उच्चाराजवळचा, फारसीतून आलेला. ‘सिझर’ फ्रेंच-इंग्रजीतून घासून आलेला. शेपूट गळण्यात मात्र कात्रीचा हात असावा. इंग्रजीत कात्री म्हणजे ‘सिझर्स’, आणि पोट कापतात म्हणून सिझर, अशी समजूत कानाला सहज पटते. तज्ज्ञ ती चूक ठरवतील. पण ‘सिझर्स’ ज्या लॅटिन शब्दातून आला तो ‘काएदेरे’ धातूचाच, प्लिनीने सीझरसाठी सांगितलेल्या त्याच धातूचा.