डॉसमधील सामायिक मेमरी

डॉसवर प्रोटेक्टेड मोडमध्ये चालणारा प्रोग्राम आणि आधीपासून मेमरीत ठाण मांडून बसलेला रिअल मोडचा टीएसआर प्रोग्राम यांना माहितीच्या देवाणघेवाणीसाठी लागणारा मेमरीचा समाईक तुकडा. माउस ड्रायव्हर, नेटवर्क कार्डांचे पॅकेट ड्रायव्हर आणि बोरलँडचे साइडकिक (१९८४) हे परिचित टीएसआर.

अडचणीचे मूळ पत्त्यात आहे. रिअल मोडमध्ये सेगमेंटला १६ने गुणून ऑफसेट मिळवला की पत्ता तयार होतो. त्यामुळे टीएसआरची धाव जेमतेम पहिल्या १ एमबीपर्यंतच. प्रोटेक्टेड मोडमध्ये सेगमेंटच्या त्याच रजिस्टरात सिलेक्टर असतो, आणि तो डिस्क्रिप्टरच्या तक्त्यातील नोंदीकडे बोट दाखवतो. टीएसआरच्या हाती सिलेक्टर पडला, तर तो त्यालाही १६ने गुणतो आणि भलत्याच जागी लिहून मोकळा होतो. डॉसच्या ठरलेल्या सेवांसाठी, प्रोग्रामला प्रोटेक्टेड मोडमध्ये चालवणारा डॉस एक्स्टेंडर बफरची ने-आण स्वतः करतो, कारण कोणत्या रजिस्टरात पत्ता आहे हे त्याला ठाऊक असते. टीएसआरच्या खासगी इंटरप्टबाबत ते कळायला त्याला मार्गच नाही. ती जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर पडते.

यावरचा सर्वांत स्वच्छ उपाय १९९०च्या डीपीएमआय (डॉस प्रोटेक्टेड मोड इंटरफेस) ०.९मध्ये आहे: इंटरप्ट ३१एच, सेवा ०१००एच. बीएक्स रजिस्टरात ४०एच, म्हणजे ६४ पॅरेग्राफ, मागितले की टीएसआरच्या आवाक्यातल्या खालच्या मेमरीत १०२४ बाइट मिळतात. एएक्समध्ये सेगमेंट येतो, डीएक्समध्ये सिलेक्टर. सेगमेंट २३४०एच असेल, तर तुकडा २३४००एचपासून सुरू होतो आणि सिलेक्टरही तिथेच नेतो. प्रोग्राम सिलेक्टर वापरून डेटा भरतो. टीएसआरला सेगमेंट कळवतो. हा सेगमेंट प्रोग्रामने प्रोटेक्टेड मोडमध्ये थेट डीएस रजिस्टरात भरला, तर बहुधा प्रोटेक्शन फॉल्ट येतो. तो ५० बाइटांच्या रजिस्टर-रचनेत लिहून सेवा ०३००एचकडे सोपवायचा. ती रिअल मोडमध्ये इंटरप्ट चालवून बदललेली रजिस्टरे त्याच रचनेत परत देते.

टीएसआरनेच प्रोग्रामला हाक मारायची असेल, तर सेवा ०३०३एच त्याला रिअल मोडचा कॉलबॅक पत्ता मिळवून देते. पॅकेट ड्रायव्हरला आलेले पॅकेट पोहोचवायला असाच पत्ता लागतो.

डीपीएमआय १.०मध्ये (१९९१) सामायिक मेमरीच्या वेगळ्या सेवा आल्या, पण त्या डीपीएमआयच्या ग्राहक प्रोग्रामांना आपसांत वापरण्यासाठी होत्या. शिवाय विंडोज डीपीएमआय ०.९वरच राहिले. जुन्या टीएसआरसाठी खालच्या मेमरीतला तुकडाच कामी येत राहिला. डीजेजीपीपी कंपायलरने बनवलेला प्रोग्राम असा सहसा १६ केबीचा ट्रान्सफर बफर सुरुवातीलाच राखून ठेवतो.